दुपारचा अर्धा तास

चेन्नई सेंट्रलला लागून असलेल्या मूर मार्केट संकुलातून उत्तरेकडे निघणारी उपनगरी गाडी सुमारे 45 किलोमीटर अंतर कापून गुम्मिडिपूंडीला पोचते. ही वाट निसर्गशोभेसाठी प्रसिद्ध नाही. परंतु भारतातील कारखानदारीचा दीडशे वर्षांचा प्रवास ज्याला एका बैठकीत पाहावयाचा असेल, त्याने या गाडीत खिडकीजवळची जागा धरावी. बेसिन ब्रिज ओलांडताना डाव्या हाताला पुलियंतोप आणि पेरांबूरचा भाग राहतो. बकिंगहॅम व कर्नाटिक या एके काळच्या नामांकित कापडगिरण्या तेथे होत्या. पुढे तिरुवोट्रियूर लागते, जेथील एन्फील्डच्या मोटारसायकली देशभर गेल्या. मग विम्को नगर येते. आगपेट्यांच्या कंपनीच्या नावाची आद्याक्षरे जोडून हे नाव बनले आणि वस्तीला कायमचे चिकटले. एन्नूरला मालमोटारींचा कारखाना आहे. अत्तिपट्टू, मिंजूर, पोन्नेरी मागे पडल्यावर भातशेते व तळी दिसू लागतात, आणि आता शहर संपले असे वाटते न वाटते तोच गुम्मिडिपूंडीची धुराडी दिसतात. तमिळनाडू शासनाने 1971 साली स्थापन केलेल्या, ‘सिपकॉट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या महामंडळाची एक औद्योगिक वसाहत येथे आहे. पोलादाच्या सळया ओढणाऱ्या गिरण्या, रसायनांचे व वाहनांच्या सुट्या भागांचे कारखाने असा सारा पसारा तेथे आहे. आंध्र प्रदेशाची सीमा हाकेच्या अंतरावर आहे.

कामाच्या ठिकाणचे नेतृत्व म्हटले की धडाडी, दूरदृष्टी, निर्णयशक्ती अशी भारदस्त गुणांची यादी पुढे येते. ती चुकीची नाही. पण तीवरून माणूस ओळखता येत नाही. समारंभाच्या दिवशी सगळेच दूरदृष्टीचे असतात. त्यापेक्षा एखाद्या कारखान्यात दुपारच्या जेवणाची सुट्टी कशी दिली जाते एवढे पाहिले, तर तेथे हुकमत कोणाची चालते, कोणाचे ऐकले जाते आणि कोणाला माणूस म्हणून गणले जाते, याचा बराच उलगडा होतो. ही कसोटी क्षुल्लक वाटेल. परंतु भारतातील कामगार चळवळीची सुरुवात ज्या थोड्या मागण्यांतून झाली, त्यांत हा अर्धा तास होता.

सप्टेंबर 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळ येथे गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. लोखंडे हे महात्मा फुले यांचे अनुयायी आणि ‘दीनबंधू’ पत्राचे संपादक. ते स्वतः गिरणीत स्टोअरकीपर म्हणून राबलेले होते, ही गोष्ट येथे विशेष महत्त्वाची. मालक व मजूर या दोहोंच्या मध्ये बसणाऱ्या माणसाला दोन्ही बाजूंचे हिशेब दिसतात. त्यांतला कोणता तो पाहतो, एवढाच प्रश्न असतो. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा जो अर्ज त्या वेळी तयार झाला, त्यातील मागण्या आज वाचल्या तर त्यांच्या साधेपणाचे आश्चर्य वाटते. रविवारी पूर्ण सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. पगार पुढील महिन्याच्या 15 तारखेच्या आत व्हावा. कामावर जायबंदी झालेल्या माणसाला बरे होईपर्यंत वेतन मिळावे. यांत वेतनवाढीची मागणी नाही. मागितले आहे ते सारे वेळेविषयी आणि वागणुकीविषयी.

पुढे 24 एप्रिल 1890 रोजी मुंबईत झालेल्या सभेला दहा हजार कामगार जमले आणि दोन कामगार स्त्रियांनीही तेथे भाषणे केली. त्याच वर्षी 10 जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली; 1891 च्या कारखाना कायद्याने आठवड्याची सुट्टी आणि दुपारचा अर्धा तास या दोन्ही गोष्टींना कायद्याचा आधार दिला. सात वर्षांत एवढे मिळाले हे थोडे की फार, याबद्दल मतभेद होऊ शकेल. लोखंडे यांच्या संस्थेला सभासदांची नोंदवही नव्हती, वर्गणी नव्हती, नियमावली नव्हती. म्हणून इतिहासकार तिला कामगारसंघ म्हणावयास कचरतात. त्यांची ही शास्त्रशुद्धता रास्तच आहे. तथापि ज्याच्या हाती कसलाही अधिकार नव्हता अशा एका माणसाचे म्हणणे प्रबळ मालकांना ऐकून घ्यावे लागले, हेही तितकेच खरे.

मद्रासकडे वळल्यावर तोच अर्धा तास पुन्हा भेटतो. पेरांबूरच्या गिरण्या बिनी या ब्रिटिश व्यापारी पेढीच्या व्यवस्थेखाली होत्या, आणि चांगला मालक म्हणून त्या पेढीचा लौकिक होता. कामगारांच्या मुलांसाठी तिने शाळा चालवली होती. तरीही 1918 साली, कामगारांची गाऱ्हाणी घेऊन सेल्वपती चेट्टियार आणि रामानुजुलु नायडू हे दोघे स्थानिक गृहस्थ बी. पी. वाडिया यांच्याकडे गेले, तेव्हा त्यांतले एक ठळक गाऱ्हाणे जेवणाच्या सुट्टीचे होते. कायद्याने दिलेला वेळ हात धुऊन, रांगेतून बाहेर पडून, घास पोटात ढकलून पुन्हा यंत्रापाशी हजर होण्यास पुरत नसे. वाडिया मुंबईचे पारशी, थिऑसफीचे अभ्यासक आणि ॲनी बेझंट यांचे सहकारी. यंत्रशाळेशी त्यांचा पूर्वी संबंध नव्हता. 27 एप्रिल 1918 रोजी मद्रास लेबर युनियनची स्थापना झाली आणि ते तिचे अध्यक्ष झाले. सभासद, वर्गणी, नियम हे सर्व असलेला भारतातील पहिल्या आधुनिक कामगारसंघांपैकी हा एक होय.

येथे थोडे थांबणे उचित ठरेल. शाळा चालवणाऱ्या मालकाला जेवणाच्या वेळेची अडचण का दिसू नये? मन निष्ठुर होते असे मानण्याचे कारण नाही. शाळा वरून दिली जाते. तिचे उद्घाटन होते, पाहुण्यांना ती दाखवता येते. तक्रार मात्र खालून वर यावी लागते, आणि तिच्या वाटेत मेस्त्री बसलेला असतो. मद्रासेत मेस्त्री, मुंबईत जॉबर किंवा मुकादम, स्त्रियांच्या खात्यात नायकीण. नावे निरनिराळी, जागा एकच. माणसे कामावर घेणारा तो, गैरहजेरी मांडणारा तो, चांगला साचा कोणाला द्यावयाचा ते ठरवणारा तो, आणि पुष्कळदा व्याजाने पैसे देणाराही तोच. व्यवस्थापकाला कामगारांची भाषा येत नसे, म्हणून व्यवस्थापकाचे कान आणि जीभ दोन्ही मेस्त्रीच्या ताब्यात असत. अशा माणसाविरुद्धची तक्रार त्याच्याच हातून वर जाणार कशी? 1929 साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने 1931 च्या अहवालात जॉबरकडून नोकरभरतीचा अधिकार काढून घ्यावा आणि कारखान्यात स्वतंत्र कामगार अधिकारी नेमावा अशी शिफारस केली, तिचे मूळ या अनुभवात होते. नारायण मल्हार जोशी या आयोगाचे एक सदस्य होते.

पेरांबूरचा पुढील इतिहास दुःखद आहे. 1920 च्या अखेरीस बकिंगहॅम गिरणीत तंटा झाला, टाळेबंदी आली, आणि कंपनीने वाडिया व त्यांचे सहकारी यांच्यावर मद्रास उच्च न्यायालयात दावा लावला. कामगारांना चिथावून त्यांच्याकडून नोकरीच्या कराराचा भंग करविला, असा आरोप होता. न्यायालयाने मनाईहुकूम दिला. शेवटी तडजोड झाली, ती वाडिया यांनी कामगार चळवळीशी संबंध सोडावा या अटीवर. ज्या देशात चार माणसांनी एकत्र येऊन गाऱ्हाणे मांडणे हाच दिवाणी गुन्हा ठरू शकतो, तेथे पुढाऱ्याला किती जागा उरते हे यावरून दिसून आले.

1921 च्या मे महिन्यानंतर पुन्हा संप झाला आणि तो ऑक्टोबरपर्यंत चालला. त्या संपात सर्वांत मोठा घाव मालकाने घातला नाही. तो कामगारांच्या आपसातील भेदाने घातला. आदिद्रविड कामगारांपैकी बरेचजण कामावर परतले, इतर जातींचे कामगार बाहेर राहिले, आणि पुलियंतोपच्या वस्तीत दंगे पेटले, घरे जळाली. 29 ऑगस्टला पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. हे परतलेले कामगार फितूर होते असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, आणि त्या काळी पुष्कळांनी ते म्हटलेही. परंतु ज्यांना शेजारी बसवून कधी कोणी जेवला नाही, त्यांच्याकडून ऐन आणीबाणीत एकजुटीची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची? मुंबईतही वेगळे नव्हते. गिरणीच्या विणकाम खात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेश नसे. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागते, सबब विटाळ होतो, हे त्याचे कारण. पगार त्याच खात्यात अधिक. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928-29 च्या संपांच्या काळात हा प्रश्न कामगारसंघांच्या पुढाऱ्यांना उघडपणे विचारला. ‘कामगार तेवढा एक’ ही घोषणा ज्यांच्या तोंडी होती, त्यांच्यापाशी त्याला समाधानकारक उत्तर नव्हते. नेतृत्वाचा विचार करताना मालकांच्या वर्तनाइतकेच कामगारांच्या पुढाऱ्यांचे वर्तनही तपासावे लागते, ते यासाठी.

वाडियांवरील दाव्याचा परिणाम मात्र दूरवर गेला, आणि तो घडवून आणणारा माणूस कोकणातला होता. नारायण मल्हार जोशी यांचा जन्म 1879 सालचा, कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचा. 1909 मध्ये ते भारत सेवक समाजात दाखल झाले. 1911 मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. 1919 मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला ते भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. मार्च 1921 मध्ये, म्हणजे मद्रासची तडजोड ताजी असतानाच, त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात ठराव मांडला: कामगारसंघांची नोंदणी व्हावी आणि त्यांना संरक्षण देणारा कायदा सरकारने करावा. ठराव मंजूर झाला. कायदा व्हावयास 1926 उजाडले आणि तो 1 जून 1927 पासून अमलात आला. संघाच्या रास्त कामाबद्दल पदाधिकाऱ्यांवर कटाचा खटला किंवा करारभंगाचा दावा चालणार नाही, ही त्यातील मुख्य गोष्ट. वाडियांना जे भोगावे लागले ते पुढच्या माणसाला भोगावे लागू नये, एवढी ती सोय होती. जोशी यांची भाषणे श्रोत्यांना पेटवणारी नसत; त्यांचे काम समित्यांतून, ठरावांतून आणि दुरुस्त्यांतून चाले. टाळ्यांच्या हिशेबाने मोजले तर ते मागे पडतील. भारतातील सगळ्या कामगारसंघांचे कायदेशीर अस्तित्व मात्र त्या 1926 च्या कायद्यावर उभे राहिले.

त्याच कायद्यात आणखी एक मार्मिक कलम होते. संघाच्या पदाधिकाऱ्यांपैकी निदान निम्मे तरी प्रत्यक्ष त्या धंद्यात काम करणारे असावेत, असे ते सांगे. बाहेरच्या पुढाऱ्याची गरज मान्य करून त्याला मर्यादा घालणारी ही तरतूद होती. 2001 च्या दुरुस्तीने ती अधिक कडक झाली. वाडिया व जोशी हे दोघेही बाहेरचेच. आतला माणूस बोलला तर त्याची नोकरी जाते, म्हणून बाहेरचा लागतो; पण बाहेरच्याने कायम बोलत राहिले, तर आतल्याला बोलण्याची सवय कधीच होत नाही. हा पेच अद्याप सुटलेला नाही.

पेरांबूरच्या त्या गिरण्या 1996 साली बंद पडल्या. शहराच्या मध्यावरून कारखाने निघून उत्तरेकडे, मोकळ्या जमिनीकडे सरकले, आणि त्यांच्याबरोबर कामगारही बदलला. गुम्मिडिपूंडीच्या वसाहतीत भट्टीपुढे उभा असलेला मजूर आज पुष्कळदा ओडिशाचा, बिहारचा किंवा झारखंडचा असतो. तो कारखान्याच्या हजेरीपटावर नसतो. कंत्राटदाराच्या असतो, आणि त्या कंत्राटदाराखाली कधी आणखी एक दलाल असतो. जुन्या गिरणीत मेस्त्री एक होता. येथे त्याचे तीन तुकडे झाले आहेत: गावाकडून माणसे आणणारा, पगार वाटणारा आणि पाळीवर काम सांगणारा. यंत्राचे आवरण सैल झाले आहे असे मजुराने सांगावयाचे ठरवले, तर त्याने कोणाला सांगावे? पाळीवरचा पर्यवेक्षक म्हणतो, तुझ्या कंत्राटदाराला सांग. कंत्राटदार म्हणतो, यंत्र कंपनीचे आहे. कंपनीचा अधिकारी म्हणतो, हा माणूस आमचा नव्हे. प्रत्येकाचे उत्तर कागदोपत्री बरोबर असते, आणि यंत्र तसेच फिरत राहते.

जबाबदारी अशी पायरी पायरीने खाली उतरत जाते. ती वरही चढू शकते, याचे उदाहरण दूर शोधावयास नको. गुम्मिडिपूंडीहून हीच रेल्वे आंध्रात शिरून सुळ्ळूरपेटला जाते, आणि तेथून श्रीहरिकोटाच्या अग्निबाणतळाची वाट फुटते. 10 ऑगस्ट 1979 रोजी तेथून उडालेले एसएलव्ही-3 हे यान समुद्रात कोसळले. मोहिमेचे संचालक होते ए. पी. जे. अब्दुल कलाम, संघटनेचे अध्यक्ष सतीश धवन. वार्ताहरांना सामोरे जाण्याची वेळ आली तेव्हा धवन स्वतः पुढे झाले आणि अपयश त्यांनी आपल्या माथी घेतले. सहकाऱ्यांवर आपला विश्वास आहे असेही सांगितले. 18 जुलै 1980 रोजी दुसरा प्रयत्न यशस्वी झाला, रोहिणी उपग्रह कक्षेत गेला, आणि त्या दिवशी धवन यांनी वार्ताहरांसमोर कलाम यांना पाठवले. ही हकीकत कलाम यांनी पुढे अनेकदा सांगितली, त्यामुळे ती सुपरिचित आहे. तीत एक गोष्ट मात्र सहसा ध्यानात घेतली जात नाही. 1979 च्या त्या दुपारी धवन यांनी केवळ एका सहकाऱ्याला वाचवले नाही. शेकडो तंत्रज्ञांना त्यांनी असे कळवले की येथे चूक सांगितली तर मान कापली जात नाही. वर्षभरात दोष शोधून काढावयाचा होता, आणि दोष लपवणाऱ्या माणसांकडून तो कधीच सापडला नसता.

सळया ओढणाऱ्या गिरणीत अग्निबाण उडत नाहीत हे खरे. तेथील पर्यवेक्षक बहुधा पंचविशी-तिशीतला पदविकाधारक असतो. त्याच्यावर उत्पादनाच्या आकड्याचा दाब असतो, आणि त्याला कोणी वागावे कसे हे शिकवलेले नसते. त्याने करावयाच्या गोष्टी लहानच आहेत. चूक दाखवावयाची ती चारचौघांत दाखवू नये. तक्रार ऐकली की उत्तर द्यावे. नकार असला तर नकार द्यावा, पण ‘बघू’ म्हणून माणसाला महिनाभर टांगू नये. सैल आवरणाविषयी ज्याने सांगितले त्याचे नाव त्रास देणाऱ्यांच्या यादीत घालू नये. मजुराला ‘अरे ए’ अशी हाक न मारता त्याच्या नावाने हाक मारावी, आणि त्यासाठी ती ओडिया वा भोजपुरी नावे नीट उच्चारावयास शिकावे. दुपारचा भोंगा झाल्यावर ‘एवढे संपवून जा’ असे म्हणू नये. मजुराकडूनही अपेक्षा आहेतच. दुसऱ्याच्या हजेरीचा खोटा शिक्का मारणे, सुरक्षेचे शिरस्त्राण केवळ निरीक्षक आल्यावर चढवणे, हे प्रकार त्याच्याच जिवावर बेततात. पण दोन्ही बाजूंचे पारडे सारखे धरणे येथे न्यायाचे होणार नाही; ज्याच्या हाती पाळी लावणे आणि काढून टाकणे आहे, त्याच्या वर्तनाचे वजन अधिक.

कायद्याने या बाबतीत हात आखडता घेतला आहे असे म्हणता येणार नाही. 1948 च्या कारखाना कायद्याने सलग पाच तासांपेक्षा अधिक काम घेण्यापूर्वी निदान अर्धा तास विश्रांती द्यावयास लावली. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने सांगितले की कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाने द्यावा. ‘हा माणूस आमचा नव्हे’ या उत्तराला कायद्याच्या दृष्टीने तेव्हापासून फारसा अर्थ राहिलेला नाही. हे कायदे ज्या संहितेत विलीन झाले, ती संसदेने 2020 मध्ये संमत केली आणि नोव्हेंबर 2025 मध्ये ती अमलात आली. मूळ मालकाची ही जबाबदारी तिनेही ठेवली आहे. उपाहारगृहाची सक्ती पूर्वी अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्याला होती; ती आता शंभरांवर आली असून त्या मोजणीत कंत्राटी कामगारही धरावयाचा आहे. पुलियंतोपची आठवण ठेवून वाचले तर हा शेवटचा तपशील नुसता आकड्याचा वाटत नाही.

1948 च्या त्या कायद्यात सूचनाफलकांविषयीही एक कलम होते. कारखान्यात लावावयाच्या सूचना इंग्रजीत, आणि तेथील बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत असाव्यात, असे ते म्हणे. पेरांबूरच्या गिरणीपुरता हा प्रश्न सोपा होता. गुम्मिडिपूंडीच्या एखाद्या भट्टीखात्यात मात्र तमिळ, तेलुगू, ओडिया आणि हिंदी बोलणारी माणसे एकाच पाळीला शेजारी शेजारी उभी असतात. एकाचे कंत्राट संपते, दुसऱ्या प्रांताची तुकडी येते. तेथे बहुसंख्य कोण, हे कोणाला तरी फाटकापाशी उभे राहून, माणसांशी बोलून मोजावे लागते, आणि कंत्राट बदलले की पुन्हा मोजावे लागते.